पेरण्याआधी शंभर दाणे

मे महिना संपत आला की मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत कोपऱ्यात एक ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलेलं दिसतं. घरच्या सोयाबीनच्या पोत्यात वर, मध्ये, तळाशी हात घालून १०० दाणे काढायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उलगडून निरोगी कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त निघाले तर नेहमीच्या मापानं पेरायचं. कमी निघाले तर त्या हिशेबानं बियाणं वाढवायचं. फारच कमी निघाले तर ते पोतं आडतीला घालायचं आणि दुसरं बियाणं बघायचं. सोयाबीनचं टरफल पातळ असतं आणि कोंब त्याच्या लगेच खाली असतो. पोतं आदळलं, थप्पी फार उंच लावली, की आतला कोंब मरतो. दाणा मात्र बाहेरून तसाच पिवळा, टपोरा दिसतो. म्हणून इथे डोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. मोजावंच लागतं.

आयुष्यात ध्येय पेरताना ही तपासणी फार कमी जण करतात. ध्येयही टपोरं दिसतं. शेजारच्या पोरानं वर्दी घातली, चुलत्यानं स्लॅब टाकला, वर्गमैत्रीण पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला गेली. मग तीच गोष्ट आपल्यालाही हवीशी वाटते, आणि हवीशी वाटते म्हणून ती आपलीच आहे अशी समजूत होते. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: आपली मूल्यं कोणती हे बसून ठरवायचं नसतं, आपण आजवर जगलो त्यातून ते वाचून काढायचं असतं, आणि कुठलंही ध्येय त्या वाचनावर घासून बघितल्याशिवाय त्याच्यावर वर्षं खर्ची घालायची नसतात.

कुणालाही विचारा, तुमची मूल्यं कोणती? उत्तर येतं: प्रामाणिकपणा, कुटुंब, आरोग्य, समाजसेवा. उत्तर खोटं नसतं, पण त्याचा उपयोगही नसतो, कारण हीच यादी प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवलेली असते. खरी यादी सापडते ती जमाखर्चात. एक साधी वही घ्या आणि १४ दिवस रोज रात्री दहा मिनिटं लिहा. चार रकाने पुरतात: काय केलं, किती वेळ किंवा किती पैसे गेले, कुणाच्या सांगण्यावरून केलं, आणि नंतर मन हलकं झालं की जड. १४ दिवसच का? एका आठवड्यात बाजार, पाहुणे, एखादी मयत, एखादं लग्न येतं आणि सगळा हिशेब वाकडा होतो. दोन आठवड्यांत नेहमीचं आणि अवचित आलेलं वेगळं दिसू लागतं. पेरणीच्या आणि काढणीच्या पंधरवड्यात ही वही धरू नका. त्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस रानाचं असतं, स्वतःचं नसतं.

वही भरली की फक्त ज्या ओळींत कुणी सांगितलेलं नव्हतं आणि तरीही मन हलकं झालं, त्या ओळींखाली रेघ ओढा. तिथे अनपेक्षित गोष्टी सापडतात. स्वतःला कुटुंबवत्सल समजणाऱ्या माणसाच्या रेघा विहिरीची मोटर खोलण्यावर आणि शेजाऱ्याची मोटर दुरुस्त करून देण्यावर पडतात; त्याचं मूल्य कदाचित हातातलं कौशल्य आणि अडल्यानडल्याला उपयोगी पडणं हे असतं. बचत गटाचे हिशेब लिहिणाऱ्या बाईच्या रेघा पैशांवर पडत नाहीत, आकडा एकदाचा जुळला त्या क्षणावर पडतात. दुसरा मागोवा रागाचा. कोणत्या गोष्टीनं आपण दोन दिवस धुसफुसत राहतो? रेशनच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं म्हणून, की आपल्याला न विचारता निर्णय घेतला म्हणून? जिथे वारंवार दुखतं तिथे आपलं काहीतरी मोलाचं पुरलेलं असतं.

अशी पाच-सहा नावं हाती लागतात. मोठ्या नामाऐवजी क्रियापद लिहावं. ‘आरोग्य’ असं लिहून काही हलत नाही; ‘साठीतही स्वतःच्या पायांनी तुळजापूरला चालत जाता यावं’ असं लिहिलं की दिशा दिसते. मग क्रम लावायचा. एकदम पाचांचा क्रम लावायला गेलं की सगळीच पहिली वाटतात, म्हणून जोड्या लावा. पाच मूल्यांच्या १० जोड्या होतात. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न: रविवारी संध्याकाळचे दोनच तास मोकळे आहेत आणि ही दोन्ही कामं दारात उभी आहेत, तर कोणतं आधी? जिंकलेल्या मूल्यापुढे खूण करा आणि शेवटी खुणा मोजा. दहा जोड्यांना पंधरा मिनिटं लागतात. ज्या जोडीपाशी पेन थांबतं तीच खरी अडचण असते, आणि तिथे घाई करू नये. मुलीचं शिक्षण आणि मुलीचं लग्न, बचत आणि भावकीतलं देणंघेणं, आईजवळ राहणं आणि कामासाठी बाहेर पडणं. या जोड्या आपल्याकडच्या घराघरांत आहेत, पण त्या वहीत येत नाहीत, म्हणून निर्णय ऐनवेळी आणि रडारडीत होतात.

मूल्य आणि ध्येय यांत फरक काय, हे समजायला स्वामी रामानंद तीर्थांचं आयुष्य फार उपयोगी आहे. १९०३ मध्ये जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामीजी, कामगार चळवळीत गेले, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईत शिकवू लागले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त होईपर्यंत लढले आणि नंतर लोकसभेत बसले. शाळा, संघटना, सत्याग्रह, संसद ही कामं एकामागून एक बदलत गेली. ज्या स्वातंत्र्यासाठी ती होती ते बदललं नाही. मूल्य कधी पूर्ण होत नाही, ध्येय पूर्ण होतं किंवा राहून जातं. ‘रानातलं पाणी रानातच जिरावं’ हे मूल्य. ‘पाडव्यापासून मृगापर्यंत वरच्या अंगाचा २० मीटर बांध नीट करायचा’ हे ध्येय. बांध फुटला तर ध्येय फसलं, मूल्य फसलं नाही. हे एवढं नीट कळलं तर अपयशानंतर माणूस स्वतःलाच मोडीत काढत नाही.

आता शंभर दाण्यांकडे येऊ. केनन शेल्डन आणि अँड्र्यू इलियट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेली तपासणी घरबसल्या करता येते. मनातल्या ध्येयाचं नाव वर लिहा आणि खाली चार कारणांना १ ते ९ गुण द्या. पहिलं: दुसरं कुणी तरी सांगतंय किंवा परिस्थिती भाग पाडतेय म्हणून. दुसरं: केलं नाही तर लाज वाटेल, अपराधी वाटेल म्हणून. तिसरं: मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं म्हणून. चौथं: करतानाच गोडी वाटते म्हणून. तिसऱ्या-चौथ्याची बेरीज करा आणि त्यातून पहिल्या-दुसऱ्याची बेरीज वजा करा. उत्तर उणे १६ ते अधिक १६ यांच्या मध्ये कुठेतरी येतं. ज्या ध्येयांचं उत्तर वर असतं त्यांच्यासाठी माणूस जास्त दिवस झटतो आणि ती साधली की समाधानही जास्त मिळतं, असं त्यांच्या अभ्यासातून दिसलं.

समजा, संभाजीनगरच्या एखाद्या अभ्यासिकेत चार वर्षं राज्यसेवेची तयारी करणारा मुलगा आहे. तो प्रामाणिकपणे ७, ८, ५, ३ असे गुण देतो. ५ आणि ३ मिळून ८, वजा १५, उत्तर उणे ७. म्हणून लगेच पुस्तकं गुंडाळायची का? अजिबात नाही. गुण कमी आले म्हणजे त्या ध्येयाच्या आत कुठला दाणा जिवंत आहे ते शोधायचं. तिसऱ्या कारणाला दिलेले ५ कशाचे आहेत? लोकांची अडलेली कामं करण्याचे, की दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार येण्याचे? उत्तर दुसरं असेल तर त्यात खाली मान घालण्यासारखं काही नाही. ज्या घरानं पावसाच्या एका खंडात सगळं पीक गेलेलं पाहिलं आहे, त्या घरात निश्चित पगार ही हाव नसते, ते खरंखुरं मूल्य असतं. पण मूल्य सुरक्षितता असेल तर राज्यसेवा ही तिच्याकडे जाणारी एक वाट झाली, एकमेव नाही. तलाठी, बँक, आरोग्य खातं, आयटीआय करून कंपनी, दुभत्या जनावरांचा नीट मांडलेला धंदा या वाटाही मग दिसू लागतात. चार वर्षं एकाच दाराशी उभं राहण्याचं कारण उरत नाही.

दुसऱ्या कारणापाशी मात्र थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे ते सगळ्यात गुंतागुंतीचं आहे. बापानं दोन एकर विकून शिकवलं. आई ऊसतोडीला गेली, उचलीचे पैसे खोलीच्या भाड्यात गेले. अशा घरातल्या मुलाला ‘स्वतःच्या मनाचं ऐक’ असं सांगणं मला अर्धवट वाटतं. आईबापांचं ऋण फेडावंसं वाटणं ही बाहेरची सक्ती नाही, ते त्याचंच मूल्य असू शकतं. फरक ओळखायचा तो असा. आईला वर्षातून चार वेळा दवाखान्यात नेता यावं, तिच्या हातातला कोयता सुटावा, असं डोळ्यांपुढे आणलं की अंगात बळ येतं का? मग ते तिसरं कारण आहे, त्याला तिथे गुण द्या. आणि ‘गावात कोणत्या तोंडानं जाऊ’ एवढंच डोळ्यांपुढे येऊन छाती दडपते का? मग ते दुसरं. दोन्ही भावनांना आपण ‘आईबापांसाठी’ असंच म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. आईचा कोयता सुटायला कोणती परीक्षा पास व्हावी लागते हा प्रश्न विचारला की पुष्कळदा कळतं, त्याला परीक्षा लागत नाही, घरच्या जमाखर्चाचा नीट हिशेब लागतो.

आणखी एक चाचणी, ही मोठ्या खर्चाच्या ध्येयांसाठी. हे मिळालं, पण गावात, भावकीत, मोबाइलवरच्या स्टेटसला कधीच कुणाला कळणार नाही अशी अट घातली, तर अजूनही हवं आहे का? ट्रॅक्टर, चारचाकी, मंगल कार्यालयातलं लग्न, दुमजली घर, प्रत्येकाला ही अट लावून बघा. ज्याचं रान आणि भाड्याचं काम ट्रॅक्टरला पुरतं त्याचा ट्रॅक्टर या अटीतून सहज पार होतो. जो होत नाही त्याचे हप्ते फार जड जातात.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मडकी तपासायच्या थापटण्यानं त्यांनी एकेका संताचं डोकं थापटलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले, आणि गोरोबांनी हेच मडकं कच्चं म्हणून सांगितलं. पुढे नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. या कथेतली खूण नेमकी आहे: थापटल्यावर राग आला. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला, मोठ्या बहिणीला, मामाला, मास्तरांना आपलं ध्येय सांगा आणि त्यांना ‘कशासाठी?’ असं तीनदा विचारू द्या. ज्या ‘कशासाठी’ला आपण ताडकन चिडतो, तिथे भाजणं बाकी आहे. सांगायचं मात्र एकालाच. दहा जणांना सांगितलं की ध्येय अब्रूचा प्रश्न होऊन बसतं, आणि अब्रूसाठी धरलेली गोष्ट सोडताही येत नाही, करताही येत नाही.

तपासणीत टिकलेल्या ध्येयाला माप लागतं. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांचं अनेक वर्षांचं काम सांगतं की ‘जमेल तेवढं करीन’ यापेक्षा नेमकं आणि थोडं कठीण ध्येय माणसाकडून जास्त करून घेतं. मात्र त्याच्याशी मन बांधलेलं हवं. माप ठरवताना आधी वेळ मोजा. वाळूजच्या कंपनीत आठ तासांची पाळी करणाऱ्याचं गणित मांडून बघू. आठवड्याचे १६८ तास. झोपेचे ४९ गेले. सहा दिवसांची पाळी आणि रोजची दीड तासाची ये-जा मिळून ५७. जेवणखाण, अंघोळ, घरकाम रोज साडेतीन तास धरले तर साडेचोवीस. बाजार, पाहुणे, दुखणीखुपणी १२. उरले साडेपंचवीस. त्यातले अठरा-वीस विसाव्यात, मोबाइलमध्ये, पोरांशी खेळण्यात जातात आणि त्यातला बराच भाग जायलाच हवा. नव्या ध्येयाला खरे सुटतात ते सहा तास. सहा तासांत दोन ध्येयं बसतात, तिसरं बसत नाही. म्हणून ध्येयाच्या वाक्यात पाच गोष्टी हव्यात: काय, किती, कोणत्या वेळी, कधीपर्यंत आणि त्यासाठी काय सोडणार. पाचवी गोष्ट लिहिली नाही तर पहिल्या चार कागदावरच राहतात.

मग पेरायचं कधी? परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना सांगत असतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. तरी पहिल्या सरीला काळजाला उकळी फुटते, तिफण निघते, मग पंधरा दिवसांचा खंड पडतो आणि दुबार पेरणी कपाळी येते. एखादं जोशपूर्ण भाषण ऐकून, कुणाचा निकाल लागलेला बघून त्याच रात्री केलेला संकल्प म्हणजे पहिल्या सरीवरची पेरणी. ओल खोलवर गेली का, ते कळायला तीन आठवडे द्या, आणि त्या तीन आठवड्यांत ध्येयाच्या पाव मापानं काम करून बघा. रोज एक तास वाचायचं असेल तर पंधरा मिनिटं. महिन्याला २,००० रुपये बाजूला टाकायचे असतील तर ५००. २१ पैकी किमान १५ दिवस झालं तर माप वाढवा. दहाच्या खाली गेलं तर ध्येय वाईट असेलच असं नाही. वेळ चुकीची असते, नाहीतर दाणा फार खोल पडलेला असतो. सोयाबीन पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं की कोंब वर येईस्तोवर दमतो. पहिली पायरी लहान ठेवा.

दोन ध्येयं निवडताना आंतरपिकाचा विचार करावा. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. सोयाबीन शंभरेक दिवसांत घरात येतं आणि दिवाळीचा खर्च भागवतं. तूर पाच-सहा महिने उभी राहते. पाऊस लवकर उघडला तर एक हाती लागतं, लांबला तर दुसरं. ज्या ध्येयाचं फळ तीन वर्षांनी दिसणार त्याच्या शेजारी शंभर दिवसांत पुरं होणारं एक हवंच. पदवी बाहेरून पुरी करणाऱ्या गृहिणीनं सोबत ‘दिवाळीपर्यंत दुचाकी शिकायची’ हे धरलं तर तिची तूर टिकते. नुसत्या तुरीवर राहणारी माणसं दुसऱ्या वर्षी कंटाळतात. त्यांच्यात चिकाटी नाही म्हणून नव्हे, मधल्या काळात घरात काहीच आलं नाही म्हणून.

पहिले ३० ते ४५ दिवस पीक तणमुक्त ठेवावं लागतं, पुढे पिकाचीच सावली तण दाबते. नव्या सवयीचंही तसंच. या काळातलं तण ओळखीचंच असतं: लग्नसराई, रात्रपाळीचा आठवडा, रात्री येणारी थ्री फेज लाइट, सुखदुःखाला जाणं. ते येणारच, म्हणून आधीच वाक्य तयार ठेवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलेली ही जर-तरची पद्धत साधी आहे: ‘अमुक झालं, तर मी तमुक करीन.’ रात्रपाळी आली, तर झोपून उठल्यावर चहाआधी वीस मिनिटं. परगावी लग्नाला जावं लागलं, तर एसटीत बसल्याबरोबर वही काढायची. रात्री मोटर चालू करायला जावं लागलं, तर दुसऱ्या दिवशीचं चालणं माफ, परवाचं माफ नाही. अडचण नेमकी आणि कृती नेमकी, दोन्ही हवं. ‘वेळ मिळाला तर करीन’ याला जर-तर म्हणत नाहीत.

सोडायचं कधी, हेही पेरतानाच लिहून ठेवा. सोयाबीन साधारण १५ जुलैपर्यंत पेरतात. त्यानंतर शहाणा शेतकरी बाजरी, सूर्यफूल, तूर असं दुसरं पीक बघतो आणि त्याला कुणी हरला म्हणत नाही. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, मागास प्रवर्गांची ४३. ही मर्यादा आयोगाची आहे. आपली तारीख आपण टाकायची असते. किती प्रयत्न, कोणत्या वयापर्यंत, घरचे किती पैसे, आणि ती तारीख आली तर दुसरं पीक कोणतं, या चार ओळी तयारीच्या पहिल्या आठवड्यात लिहाव्यात. पाचव्या वर्षी लिहायला बसलं की हात थरथरतो.

उजळणीला आपल्याकडे तीन चांगले दिवस आहेत. पोळा श्रावणी अमावास्येला, येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आणि पाडवा, ज्या दिवशी सालगड्याचं नवं साल सुरू होतं. पोळ्यापासून येळवस चार महिन्यांवर, तिथून पाडवा तीन महिन्यांवर, पुढचा पोळा पाच महिन्यांवर. पोळ्याला फक्त मोजायचं: किती दिवस झालं, किती बुडालं. पाडव्याला नवं माप ठरवायचं. मधली येळवस मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण त्या दिवशी घरदार रानात असतं, भज्जी-आंबिलाची जेवणं झालेली असतात आणि ज्वारी कमरेला लागलेली असते. रानात पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप मोडायच्या आधी अर्धा तास वही उघडा आणि चार कारणांचे गुण नव्यानं द्या, मागचे आकडे न बघता. मग मागचं पान उलटा आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. उत्तर वर गेलं असेल तर तसंच चालू द्या. दोन येळवशी लागोपाठ खाली आलं असेल तर त्या संध्याकाळी घरी परतताना, ज्या एका माणसाला थापटायला सांगितलं होतं, त्याच्यासोबत बैलगाडीच्या किंवा मोटारसायकलच्या रस्त्यानं थोडं पायी चालत या.